चार सेकंद

"एक, दोन, तीन, चार…" मी मोठ्यानं मोजलं आणि खट्ट झालं. पंखा थांबला. हिरवा दिवा गेला.

"परत बघ की," दादा म्हणाले.

"सात वेळा बघितलं दादा. चारच सेकंद चालतोय. पाचवा काही बघायला तयार नाही."

"मग आठव्यांदा बघ."

दादा म्हणजे माझे वडील, हिंदुराव. माझ्या पाठीशी उभे राहून सदऱ्याचं टोक मुठीत चुरत होते. दसऱ्याची सकाळ, अंगावर नवा कोरा सदरा आणि त्याचा पार बोळा झालेला. मी बटण आठव्यांदा दाबलं. पंखा घरघरला, दिवा लागला, चार सेकंदांनी सगळं गप्प.

"अहो, श्वास तरी घेऊ द्या मला!" मी खेकसले. माझा स्वभावच असा. यंत्र अडलं की मला उत्साह येतो, पण पाठीशी माणूस उभं राहिलं की डोकं फिरतं. त्यातून मी सुट्टीला घरी आलेली. सांगलीच्या एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. मुलीनं असलं काम करायचं म्हणजे तेव्हा लोक बघायला यायचे. सकाळी आईच्या हाताखाली पुरणपोळ्या लाटत बसले होते, तर दादा धापा टाकत दारात आले. "उजे, तुझी हत्यारं घे आणि चल. आत्ता. प्रेसचा कॉम्प्युटर लागंना झालाय." पिठाचे हात तसेच पुसत मी निघाले.

तासगावात शेट्यांचा छापखाना होता. दादांनी तोवर तिथं एकतीस वर्षं काढली होती. छपाईचे शिशाचे खिळे जुळवण्यात त्यांचा हात धरणारा माणूस तालुक्यात नव्हता. मग एक दिवस मालकांनी सगळे खिळे भंगारात घातले आणि कॉम्प्युटर आणला. त्याच्यावर काम करायला वैजयंताताई आली. तिशीची बाई, नवऱ्यानं टाकलेली, आईजवळ राहायची. टायपिंगला अशी की बोटं दिसायची नाहीत. दादांना मालकांनी सांगितलं, "शिका, नाहीतर घरी बसा." चोपन्नाव्या वर्षी दादा शिकले ते वैजयंताताईच्या खुर्चीशेजारी स्टूल टाकून. ती त्यांना काका म्हणायची. सहा महिने तिनं रोज जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडून कळा गिरवून घेतल्या.

पण त्या गणपतीत मालकांनी दोघांनाही समोर बसवून सांगितलं होतं, "यंत्र एक आणि माणसं दोन, हे काही चालायचं नाही. दिवाळीनंतर एकालाच ठेवणार. कुणाला, ते कामावर ठरेल." तेव्हापासून दादांची झोप उडाली होती. आई फोनवर सांगायची, अंथरुणात पडल्या पडल्या बोटं हलवत असतात म्हणून.

आणि दिवाळीला वीस दिवस असताना हे असं.

"झालं का?" शेटे मालक आत आले. त्या दहा मिनिटांत चौथ्यांदा. गावातल्या एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका होती. संध्याकाळी पाचला प्रकाशन. बाकी सगळी छापून झाली होती, मधली सोळा पानं या डब्याच्या पोटात अडकलेली. अष्टमीच्या संध्याकाळी कुठं ती जुळून झाली होती. नवमीला हत्यारं पूजेला बसतात, त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. म्हणून दसऱ्याला सकाळी येऊन पानं काढायची, असं ठरलं होतं.

"घोडं कुठं पेंड खातंय ते कळल्याशिवाय कसं सांगू?" मी म्हटलं.

"दसरा आहे पोरी. सांगलीतसुद्धा दुकान उघडं मिळायचं नाही. जे काय करायचं ते इथंच कर." मग ते मागं वळले. "ह्याला शेवटचा हात कुणाचा लागला?"

वैजयंताताई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती पुढं आली. "अष्टमीला मीच बंद केला, मालक. चांगला चालत होता."

"आणि नवमीला?"

"मशीनची पूजा तुम्ही केलीत. कॉम्प्युटरची मी केली, तुम्ही गेल्यावर," दादा म्हणाले. "दरवर्षी करतो तशी."

"आज सकाळी?"

"मी आल्यावर पुसून घेतला आणि बटण दाबलं," वैजयंताताई म्हणाली. "तेव्हापासून हे असंच."

"म्हणजे तुम्हा दोघांपैकीच कुणीतरी एक," मालक म्हणाले आणि बाहेर गेले. बाहेर गेले म्हणजे दारापर्यंत. तिथून त्यांच्या चपलांचा आवाज येत राहिला, इकडून तिकडं, तिकडून इकडं.

दादांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. ज्याची चूक निघेल, तो दिवाळीनंतर घरी. मी डबा आडवा केला आणि स्क्रू काढायला घेतले.

आधी वायर बदलली. मग प्लग दुसऱ्या बोर्डात लावून बघितला. पॉवर सप्लाय सुटा काढून नुसताच चालवला. तो पाच मिनिटं झाली तरी आपला फिरतोय. म्हणजे तो बरा. रॅम काढली, खोडरबरानं तिचे दात घासले, परत बसवली. चार सेकंद. हार्ड डिस्कची वायर सोडवली. चार सेकंद. एक एक करून निम्मा डबा मी फरशीवर मांडला आणि तरी मेला चार सेकंद चालून बंद! मला घाम फुटला. राहता राहिला मदरबोर्ड. तो गेला असला तर सगळंच बोंबललं.

"मोठं काही आहे का गं?" दादांनी हळूच विचारलं.

"दादा, तुम्ही बाहेर जा बघू. नाहीतर च्या तरी घेऊन या."

ते गेले नाहीत. वैजयंताताईच च्या घेऊन आली. कप माझ्या बाजूला ठेवून ती म्हणाली, "एक विचारू? आपल्याला कळत नाही म्हणा. पण कधी कॉम्प्युटर अडकून बसला की आम्ही बटण दाबून धरतो ना, तेव्हा तो किती वेळानं बंद होतो?"

मी कप तोंडाला लावला होता, तो तसाच खाली ठेवला.

चार सेकंद. बटण दाबून धरलं की चार सेकंदांनी बंद. अगं बाई, कपाळ माझं! एवढे दिवस सांगलीत काय हजामती केल्या मी? यंत्राला काहीच झालेलं नव्हतं. त्याला वाटत होतं, कुणीतरी बटण दाबून धरलंय, आणि ते बिचारं हुकूम मानून बंद होत होतं.

बटणाची वायर मदरबोर्डवरून उपटली आणि तिथल्या दोन टोकांना स्क्रूड्रायव्हरचं पातं नुसतं टेकवलं. पंखा सुरू झाला. चार झाले, पाच झाले, दहा झाले. हार्ड डिस्क परत जोडून पुन्हा तसंच केलं. पडद्यावर अक्षरं उमटली.

"लागला! मालक, लागला!" दादा ओरडले. मालक धावत आले. वैजयंताताई तशीच खुर्चीत बसली, फाइल उघडली आणि पानं निघायला लागली. बाहेर मशीनवाल्यानं शिट्टी घातली. सगळ्यांचे जीव भांड्यात पडले.

मी मात्र स्वस्थ बसणारी नव्हे. बटण का अडकलं हे कळल्याशिवाय मला पुरण गोड लागलं नसतं. डब्याची पुढची फळी सुटी झाली होतीच, ती घेऊन मी खिडकीशी गेले. बटण दाबलं की आत जाऊन बसायचं आणि मग आळसटून सावकाश वर यायचं. मागून काढून बघितलं. खाचेत तपकिरी काहीतरी, चिकट. पात्याच्या टोकावर घेऊन हुंगलं. जिभेला लावलं.

गूळ.

आणि मला सगळं कळलं. जुन्या ट्रेडल मशीनला नवमीच्या दिवशी दादा गुळाचा खडा लावायचे. जिथं कागद आत जातो ते यंत्राचं तोंड, ते गोड करायचं, म्हणजे वर्षभर ते कुरकुर करत नाही आणि कुणाचं बोट खात नाही. मी लहानपणी त्यातला निम्मा गूळ पळवायची. ट्रेडल भंगारात गेल्यावर माझे भोळे दादा या नव्या यंत्राचं तोंड शोधत बसले असणार. त्यांना सापडलं ते हे. बटण.

"काय होतं गं शेवटी?" मालक माझ्यामागं येऊन उभे होते.

पातं माझ्या मुठीत होतं. पलीकडं दादा उभे, पोरीनं काम फत्ते केलं म्हणून चेहरा नुसता फुललेला. त्यांना कशाची कल्पनाच नव्हती. मालक आधीच दादांना म्हातारं खोड म्हणायचे. यंत्राला गूळ चारला म्हटल्यावर आधी हसले असते, गावभर सांगत सुटले असते आणि दिवाळीनंतर कुणाला ठेवायचं हा प्रश्न तिथंच मिटला असता. मी फार विचार केला असं नाही. केला असता तर बरं झालं असतं.

"पाणी गेलं होतं बटणात," मी म्हटलं. "ओल्या फडक्यानं पुसलं की असं होतं."

हे म्हणताना मी वैजयंताताईकडं बघितलं नाही. पण मशीनच्या आवाजातही तिची बोटं थांबलेली मला ऐकू आली.

"वैजयंताबाई," मालक म्हणाले, "तुम्हीच पुसलं ना सकाळी?"

"हो मालक."

"ओल्या फडक्यानं?"

तिनं हात मांडीवर घेतले. "हो. ओलंच होतं."

"विजेच्या वस्तूला? तीन वर्षं झाली की हो तुम्हाला! हिंदुरावांना शिकवता आणि तुम्हीच हे? आज माझी अब्रू गेली असती."

"चुकलं माझं," ती म्हणाली आणि परत पानं काढायला लागली.

मी स्क्रूड्रायव्हर ओढणीला पुसला. मला काय वाटलं ते खरं सांगू? सुटलो बाई एकदाचे, असं वाटलं. वाईट नंतर वाटायला लागलं, घरी, ताटावर बसल्यावर. आईनं विचारलं, पोळी बरी झाली नाही का? बरी झाली होती. घशाखालीच उतरत नव्हती.

संध्याकाळी दादांनी सोनं द्यायला निघताना मला हाक मारली. "चल, वैजयंताकडं जाऊन येऊ. बोलून घेतलं बिचारीनं आज. आणि काही म्हटलं तरी माझी गुरू आहे ती."

"मी नाही येत. माझे पाय दुखतायत."

"चल म्हणतो ना."

सगळ्या वाटेवर मला काटे टोचत होते. माणसं भेटत होती, सोनं देत होती, दादा प्रत्येकाला सांगत होते, "आमच्या उजीनं आज शेट्यांची अब्रू वाचवली बरं का!" मी म्हणायचे, "चला ना दादा." पोचायची घाई नव्हती मला. कधी एकदा हे उरकतं आणि घरी जातो असं झालं होतं.

वैजयंताताईनं आम्हा दोघांनाही आपल्या पायाला हात लावू दिला नाही, आपणच दादांच्या पाया पडली. तिची आई दादांशी बोलत बाहेर बसली. "तुम्ही जरा आत या हो," वैजयंताताई मला म्हणाली. "च्याला मदत करा."

स्वयंपाकघरात तिनं स्टोव्हला पंप मारला आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली, "गूळच होता ना?"

"कसला गूळ?" मी म्हटलं. एवढं झाल्यावरही मी म्हटलं.

"असू दे. सकाळी मीच पुसला की तो. बटणाला मुंग्यांची ही रांग लागली होती. सुपारीएवढा खडा होता, निम्मा विरघळलेला. काकांचंच काम, दुसरं कोण करणार? म्हणून गुपचूप ओलं फडकं आणलं, मालक यायच्या आत पुसून टाकलं." ती हसली. "तरीही आत गेलाच थोडा. गूळ त्यांचा, पाणी माझं. निम्मं निम्मं म्हणा."

माझे कान तापले. "मग मालकांना का नाही सांगितलंत तुम्ही?"

"तुम्ही पाणी म्हणालात की. त्यांची लेक लपवतेय म्हटल्यावर मी कुठल्या तोंडानं सांगणार?" तिनं पातेल्यात साखर टाकली, जरा आपटूनच. "पण राग आला हं तुमचा. खोटं कशाला बोलू? दुपारभर आला. नुसतं जुनं बटण खराब झालंय म्हणाला असतात, तरी भागलं असतं. माझं नाव घालायची काय गरज होती?"

खरंच काय गरज होती? एवढी हुशार मी, आणि हे साधं खोटं मला सुचलं नव्हतं. मला सुचलं ते तिच्या गळ्यात बांधायचं.

"मी उद्या सांगते मालकांना," मी म्हटलं. "खरं काय ते सांगते."

"नको. आता सांगाल तर मीही खोटं बोलले असं होईल. आणि काकांना तर अजिबात कळू देऊ नका. फार भावानं करतात हो ते पूजा. आपल्या हातानं यंत्र बंद पडलं, ह्याची हाय खाऊन बसतील." तिनं कप माझ्या हातात दिला. "मला काय, कुठंही टायपिंग मिळेल. जा, आधी त्यांना द्या, निवेल."

मी मुकाट्यानं कप घेऊन बाहेर गेले. मला तेच सोयीचं होतं.

दिवाळीनंतर मालकांनी दादांना ठेवलं. वैजयंताताई मिरजेला कुठल्या झेरॉक्सच्या दुकानात लागली. पगार कमी, आणि रोज एसटीनं जाऊन येऊन करायची. पुढं तिकडंच खोली घेतली म्हणे. दादा त्याच खुर्चीवर आणखी अकरा वर्षं बसले, सत्कार होऊन निवृत्त झाले. गुळाचं मी एवढंच केलं, की पुढच्या नवमीला "मुंग्या होतात, दादा, गूळ कागदावर ठेवत जा" म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकलं.

एक मात्र मी धरलं नव्हतं. दादांना ती गोष्ट फार आवडली. लेकीनं दसऱ्याला यंत्र जिवंत केलं, हे ते आल्यागेल्याला सांगायचे. सोयऱ्यांना, शेजाऱ्यांना, माझ्या सासरच्यांना. तीच गोष्ट, त्याच शब्दांत. "वैजयंता बाई फार गुणी हो, पण हयगयी! ओलं फडकं फिरवलं विजेच्या यंत्रावर!" इथं लोक हसायचे. मी तेव्हा पाणी आणायला उठायची, नाहीतर हसायची.

परवा मी माहेरी होते, तर शेजारचे सर त्यांचा लॅपटॉप घेऊन आले. च्या सांडला होता. मी तो उघडून बसले आणि दादांनी कॉटवरून गोष्ट सुरू केली. पंच्याहत्तरी उलटली, पण आवाज तोच. "आणि आमच्या उजीनं बटण उघडून बघितलं, तर आत पाणी!" असं म्हणाले आणि थांबले.

सर हसून, लॅपटॉप ठेवून गेले. दादा थांबलेलेच.

"उजे," ते म्हणाले, "पाणी तर वाळून जातं गं. आणि पाण्यानं बटण चिकटतं होय?"

वीस वर्षं मला या प्रश्नाची धास्ती होती. उत्तरं तयार होती माझ्याकडं, धूळ म्हणायची, गंज म्हणायचा. यंत्रातलं मी काहीही सांगितलं असतं तरी त्यांनी मानलं असतं. पण ते माझ्याकडं असे बघत होते, की मला ते जमेना.

"गूळ होता, दादा."

त्यांना जास्त सांगावं लागलं नाही. ते हाताच्या बोटांकडं बघत राहिले. "माझा."

"हो."

"तिला ठाऊक होतं?"

"तिनंच तर पुसला, मालक यायच्या आत. तुम्हाला कळू देऊ नका म्हणाली."

आई आतून जेवायला चला म्हणाली. दादा हलले नाहीत.

"तिची आई गेली तेव्हा दहाव्याला गेलो होतो आपण," ते म्हणाले. "तिथं बसल्या बसल्या मी हीच गोष्ट काढली. तिचे पाहुणे होते सगळे. हयगयी म्हणालो मी तिला, तिच्या देखत. ती हसली होती गं."

"हो, दादा."

"तू माझ्या शेजारीच बसली होतीस."

"हो," मी म्हटलं.